ऑटो स्लॅक दर पंधरा दिवसांनी पान्याने आवळावे लागतात, हे बरोबर आहे का? (१० टायर, राजूर घाट)

मोताळा_दहाटायर

नमस्कार मंडळी. घरची १० टायर गाडी आहे, २०१७ चं मॉडेल, सगळ्या चाकांना ऑटो स्लॅक, म्हणजे ब्रेकची झीज आपोआप भरून काढणारे दांडे. सोयाबीनच्या सीझनात चिखलीहून माल भरायचा, बुलढाण्यावरून राजूर घाट उतरायचा आणि मोताळ्यावरून मलकापूर गाठायचं, हा नेहमीचा रस्ता. घरी जुनी ६ टायरही आहे, तिला साधे, हाताने ॲडजस्ट करायचे स्लॅक. ती बाबा चालवतात.

त्रास १० टायरचा आहे. सपाटीवर ब्रेक एकदम चांगला. रिकामी असली तर पाय ठेवला की उभी. पण भरलेली गाडी अर्धा घाट उतरली की पॅडल पूर्ण दाबलं तरी गाडी धरत नाही, अंगावर येते. खाली मोताळ्यात थांबून पाहिलं तर सगळ्यात मागच्या एक्सलच्या उजव्या चाकाला लायनर (ड्रमला घासणारं ब्रेकचं अस्तर) जळाल्याचा वास, हात जवळ नेता येत नाही. त्याच एक्सलचं डावं चाक मात्र कोमट.

आमचे मिस्त्री दर पंधरा दिवसांनी पान्याने चारही मागचे स्लॅक आवळून देतात. दोन-चार दिवस ब्रेक वर लागतो, मग पुन्हा तेच. आता ते म्हणतात उजवं चाक जाम होऊन राहिलं, त्याचा स्लॅक थोडा ढिला करू. बाबांचं म्हणणं, काटा आठ किलो हवा दाखवतो म्हणजे ब्रेक आहे, ड्रायव्हरच जोरात उतरवतो. ड्रायव्हर जुना माणूस आहे, त्याच्यावर माझा विश्वास आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा माल भरायचा आहे. नेमकं काय पाहू?

हायवे_त्रेपन्न

लायनर बदला भाऊ, दुसरं काही नाही. आणि घाटात ड्रम तापत असेल तर केबिनमागे पाण्याची टाकी बसवून ड्रमवर नळी सोडा. आमच्या ओळखीच्या दोन-तीन गाड्यांना आहे.

ब्रेककाम_खामगाव

मोताळावाले भाऊ, उजवं चाक ढिलं करू देऊ नका. तो एक ब्रेक काम करून राहिला म्हणून तापतो. डावं चाक कोमट आहे कारण ते घाटात जवळपास काहीच करत नाही. त्याच्या वाटणीचं वजन उजवं चाक आणि पुढचे एक्सल ओढतात. उजवंही ढिलं केलं तर एक्सलचे दोन्ही ब्रेक गेले, आणि तेही भरल्या गाडीत, घाटात. घाट उतरल्यावर सगळ्यात थंड चाक शोधायचं, दोष बहुतेक तिथेच सापडतो.

हवेच्या काट्याबद्दल बाबांना सांगा. आठ किलो हवा म्हणजे टाकीत हवा आहे, एवढंच कळलं. ती हवा चाकापर्यंत जाऊन लायनर ड्रमवर किती जोरात टेकवते हे काटा सांगत नाही, पॅडलही सांगत नाही. हायड्रॉलिक ब्रेकच्या छोट्या गाडीत ब्रेक उतरला की पॅडल खोल जातं, पायाला कळतं. एअर ब्रेकमध्ये पायाखाली फक्त व्हॉल्व्ह असतो. चाकाजवळचा स्लॅक कितीही ढिला होवो, पॅडल जसंच्या तसं लागतं. म्हणून चांगले चांगले ड्रायव्हर फसतात, त्यात त्यांचा काही दोष नाही.

खरी गोष्ट एकाच ठिकाणी दिसते, चेंबरमधून (चाकाजवळचा डबा, हवा आली की रॉड ढकलतो) निघणाऱ्या रॉडच्या चालीत. तुमच्या मागच्या चेंबरवर २४ किंवा ३० असा आकडा असेल. तो आतल्या डायफ्रामचं क्षेत्रफळ, चौरस इंचात. २४ च्या चेंबरला १०० पौंडाची हवा दिली, म्हणजे काट्यावर सात किलो, की रॉडवर २४०० पौंडाचा रेटा येतो. हजार किलोच्या वर. पण हा रेटा रॉड मधल्या चालीत असेपर्यंतच. साध्या २४ च्या चेंबरची एकूण चाल ५७ मिलीमीटर, ३० ची ६४. रॉड शेवटाकडे गेला की डायफ्राम ताणून संपतो, रेटा झपाट्याने पडतो, आणि अगदी टोकाला चेंबरच्या बुडाला टेकला की तुम्ही पॅडलवर उभे राहा, चाकाला काही मिळत नाही. अमेरिका-कॅनडात तपासणीला २४ साठी ४५ मिलीमीटर आणि ३० साठी ५१ मिलीमीटर ही शेवटची हद्द धरतात. लाँग स्ट्रोक चेंबरचे आकडे जास्त असतात, तो वेगळा प्रकार. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा.

आता सपाटीवर ब्रेक का चांगला वाटतो, तेही पाहा. थंड ड्रम, हलका पाय, रॉड ५० वर गेला तरी गाडी थांबते. घाटात ड्रम तापतो आणि फुगतो. ४१० मिलीमीटरचा बिडाचा ड्रम तीनशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास मिलीमीटरच्या वर वाढतो. ऐकायला काहीच नाही. पण लायनर आणि रॉड यांच्यामध्ये एस कॅम (फिरून लायनर फाकवणारा S आकाराचा तुकडा) आणि स्लॅकचा दांडा आहे, म्हणून ड्रमकडची एवढीशी वाढ रॉडला सेंटीमीटरभर जास्त चालायला लावते. ज्या चाकाचा रॉड थंड असतानाच ५० वर होता, त्याला हा सेंटीमीटर आणायचा कुठून? तुमची गाडी अर्ध्या घाटात अंगावर येते, सुरुवातीला येत नाही, त्याचं कारण हे.

मोजायला दोन माणसं लागतात, मिस्त्री नाही. गाडी सपाट जागी, पुढच्या-मागच्या चाकांना दगड नाही तर लाकडी गुटके पक्के. हवा पूर्ण भरून इंजिन बंद. हँड ब्रेक सोडलेला पाहिजे, नाहीतर मागचे रॉड आधीच बाहेर असतात आणि माप खोटं येते. पॅडल दोन-तीनदा मारून काटा साडेसहा-सातवर आणा. चेंबरच्या तोंडाशी रॉडवर खडूने बारीक रेघ मारा. आता ड्रायव्हरने पॅडल पूर्ण दाबून धरायचं. रेघ चेंबरच्या तोंडापासून किती लांब गेली ते पट्टीने मोजा. सहाही चाकांचं लिहून काढा, प्रत्येक चाकाआधी हवा पुन्हा सात किलोजवळ आहे ना ते पाहा.

त्यानंतर पॅडल सोडून स्लॅकचा दांडा टॉमीने (लोखंडी पहारीने) ओढून पाहा, लायनर टेकेपर्यंत रॉड किती येतो. ही मोकळी चाल १० ते १६ मिलीमीटर असावी. दोन्ही आकडे इथे टाका, मग बोलू. मागच्या चेंबरचा मागचा डबा कोणीही खोलायचा नाही. आत हँड ब्रेकची स्प्रिंग दाबलेली असते, क्लॅम्प निघाला तर ती माणूस मारते.

हायवे त्रेपन्न भाऊ, पाण्याच्या टाकीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लाल तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ड्रमला भेगा जातात. केसासारख्या बारीक भेगा आधी पडतात, पुढे त्याच आरपार होतात. ड्रम तापतोय तर का तापतोय ते शोधा.

डिझेल_आयटीआय

वरचं उत्तर पूर्ण बरोबर आहे. ऑटो स्लॅकचा मुद्दा मी वाढवतो, कारण आमच्याकडे शिकायला येणारी मुलंही गॅरेजमधून हीच सवय घेऊन येतात.

ऑटो स्लॅक स्वतः आवळण्यासाठीच बनवला आहे. लायनर झिजला की तो ब्रेक मारताना किंवा सोडताना आतली वर्म (आवळणारा स्क्रू) थोडी फिरवतो. चांगला स्लॅक नीट बसवला असेल तर त्याला पान्याची गरज लायनर बदलतानाच पडते. चाल वाढलेली सापडली तर अर्थ असा, की एक तर स्लॅक मेला आहे, किंवा चुकीचा बसला आहे, किंवा दोष दुसरीकडेच आहे. पान्याने आवळलं की चाल त्या दिवशी बरोबर दिसते आणि खरा दोष झाकला जातो. शिवाय वारंवार उलटसुलट फिरवल्याने आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच झिजतो, म्हणजे चांगला स्लॅकही बिघडतो.

हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ग्लेन रॉक गावात ११ एप्रिल २००३ रोजी उतारावर एका डंपरचे ब्रेक लागले नाहीत, तो चार कारवर गेला आणि माणसं मेली. त्यांच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, चौकशी केली. ब्रेकची चाल हद्दीबाहेर गेलेली होती आणि मेकॅनिक ऑटो स्लॅक हाताने आवळत आले होते, मूळ दोष कोणी शोधलाच नव्हता. मंडळाने ही पद्धतच धोकादायक ठरवली. तुमच्या गाडीचं वर्णन वाचून मला तोच अहवाल आठवला, म्हणून माल भरण्याआधी मोजाच.

स्लॅक जिवंत आहे का ते असं पाहता येतं. डोक्यावरच्या षटकोनी बोल्टवर खडूची खूण करा, स्लॅक थोडा मोकळा करा. मोकळा करताना जोर लागतो, कटकट आवाज येतो, ते ठीक आहे. काही मेकमध्ये आधी पॉल (आतली खिट्टी) मोकळा करावा लागतो, जबरदस्ती करू नका. मग पूर्ण दाबाने ब्रेक मारत-सोडत राहा. खूण थोडी थोडी फिरत चाल कमी होत गेली तर स्लॅक चांगला. खूण हललीच नाही तर बदला, आणि एक्सलच्या दोन्ही बाजूंचे जोडीनेच, एकाच मेकचे, एकाच लांबीचे. कंट्रोल आर्मचा (स्लॅकला एक्सलशी बांधणारी पट्टी) ब्रॅकेट जागेवर घट्ट आहे ना तेही पाहा. तो सुटला किंवा वाकला की नवा स्लॅकही आंधळा होतो.

मोताळा_दहाटायर

सगळ्यांचे आभार. आज सकाळी ड्रायव्हर आणि मी दोघांनी मोजलं. बाबा पट्टी धरायला स्वतः आले.

चेंबर मागे २४ चे. पुढची दोन्ही चाकं ३५ आणि ३६. मधला एक्सल डावा ४०, उजवा ४१. शेवटचा एक्सल उजवा ३८, आणि डावा ५४! तीनदा मोजलं, तेवढाच. बाबा बराच वेळ त्या रेघेकडे पाहत होते.

गंमत अशी की डाव्याची मोकळी चाल १४ आली, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या हद्दीत. स्लॅक मोकळा करून खूण पाहिली, तोही फिरतो. मग चाल ५४ का? मिस्त्री म्हणतात लायनर अजून बरेच जाड आहेत, तेही खरं आहे, खिडकीतून पाहिले.

ब्रेककाम_खामगाव

शाब्बास. तुमच्या या दोन आकड्यांतच उत्तर आहे. मोकळी चाल चांगली आणि दाबलेली चाल लांब, याचा अर्थ लायनर-ड्रममधलं अंतर ठीक आहे, स्लॅक आपलं काम करतो. लायनर टेकल्यानंतर कुठेतरी काहीतरी सरकते किंवा वाकते, तिथे रॉडची चाल खर्ची पडते.

ड्रायव्हरला पॅडल दाबून-सोडून दाबायला सांगा आणि तुम्ही स्लॅकच्या मुळाशी, कॅमचा दांडा जिथे एक्सलच्या ब्रॅकेटमधून जातो तिथे, डोळा लावा. दांडा जागेवर फिरला पाहिजे. तो फिरण्याआधी बाजूला उचलला गेला तर बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) खलास. नंतर पॅडल सोडून दांड्याखाली टॉमी घालून वर-खाली करा. पाऊण मिलीमीटरच्या वर खेळ असेल तर बुश बदलायचे, आतला आणि बाहेरचा दोन्ही. त्याच वेळी चेंबरचा ब्रॅकेट पाहा, त्याच्या वेल्डला भेग असेल तर दाबताना ब्रॅकेटच मागे झुकतो. मग क्लेव्हिस पिन (रॉड आणि स्लॅक जोडणारी) काढून नखाने चाचपा, मधे खाच लागली की टाकून द्या. शेवटी ड्रम उतरवून भेगा पाहायच्या. भेगाळलेला ड्रम दाबाखाली उघडतो, तिथेही चाल जाते.

माझा अंदाज बुशचा. आपल्या भागात हेच सगळ्यात जास्त पाहतो. पावसाळ्यात गाडी शेतापर्यंत जाते, काळ्या मातीचा चिखल एक्सलवर चढतो आणि उन्हात विटेसारखा वाळतो. ग्रीस निपल त्याच्या आत गाडला जातो. गॅरेजमधलं पोरगं गन लावते, ग्रीस बाहेरच सांडते, त्याला वाटते झालं. बुशला तोंडभरही मिळत नाही.

संत्रा_वरूड

ताई म्हणा, आमच्या दोन गाड्या संत्र्यावर चालतात आणि हिशोब-मेंटेनन्स मीच पाहते. वर साध्या स्लॅकच्या ६ टायरचा उल्लेख आहे, त्याबद्दल लिहिते, कारण १० टायरच्या गडबडीत ती राहून जाईल. आणि ती तुमचे बाबा चालवतात.

साधा स्लॅक आपणहून आवळत नाही, लायनर झिजला तेवढी चाल वाढतच जाते. आमच्याकडे सीझनात आठवड्यातून एकदा मोजतो. तीच पद्धत, गुटके, इंजिन बंद, हँड ब्रेक सोडलेला. चाल वाढली असेल तर षटकोनी बोल्टवरची बाही रिंग पान्याने आत दाबायची, मग फिरवायचं. कोणत्या बाजूला, हे आधी ठरवून ठेवा. ब्रेक मारल्यावर कॅमचा दांडा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने तो पान्यानेही फिरला पाहिजे. लायनर ड्रमला टेकून पाना अडला की तिथून पाव ते अर्धा फेरा मागे. पुन्हा मोजा. चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा, मोकळं फिरलं पाहिजे. बाही परत बाहेर उडी मारून लॉक झाली का ते बोटाने चाचपा. ती आत अडकून राहिली तर स्लॅक धक्क्यांनी आपोआप ढिला होत जातो, आणि हे रस्त्यावर कोणाला कळत नाही.

आकडे आम्ही केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहितो. तारीख आणि प्रत्येक चाकाचं माप. ड्रायव्हर बदलला तरी नव्याला दार उघडताच दिसतं. एखादं चाक दर वेळी बाकीच्यांपेक्षा लवकर वाढतंय हेही त्याच यादीत दिसतं.

परतवाडा_धारणी

मी फक्त चालवण्याचं सांगतो. मेळघाटातून सेमाडोहवरून गाडी नेतो. ब्रेक नवे असोत की जुने, घाटाच्या तोंडाशीच गिअर खालचा टाकायचा, उतार लागल्यावर नाही. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) चालू. न्यूट्रल कधीच नाही, डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे मी पाहिले आहेत आणि त्यांच्या गाड्याही दरीत पाहिल्या आहेत. पाय ब्रेकवर ठेवून घासत उतरायचं नाही. वेग ठरवलेल्या हद्दीला आला की घट्ट दाबून आठ-दहा किलोमीटरने कमी करायचा आणि पूर्ण सोडायचं. सोडलेल्या वेळात ड्रमला वारा लागतो. हलका हलका पाय ठेवला की सहा चाकांपैकी ज्यांचे ब्रेक आधी लागतात तीच एक-दोन सतत घासतात, बाकीची नुसती फिरतात. तुमच्या ड्रायव्हरला हे माहीतच असेल, जुना आहे म्हणता.

मोताळा_दहाटायर

खामगाववाल्या दादांचा अंदाज बरोबर निघाला. कॅमचा दांडा दाबताना डोळ्यांना दिसेल एवढा उचलत होता. ड्रम उतरवला, बाहेरचा बुश एका बाजूने पार खाऊन गेलेला. निपल चिखलाखाली होता, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढला तर त्याचं तोंडच बुजलेलं, गन लावली तर ग्रीस आत जातच नाही. ड्रमला भेग नाही. क्लेव्हिस पिनला खाच होती. त्याच एक्सलच्या दोन्ही बाजूंचे बुश, पिन आणि निपल बदलले. मिस्त्रींना मोजायची पद्धत दाखवली, त्यांनी मन लावून पाहिली आणि दुसऱ्या एका गाडीचीही मोजली.

नवं माप डावा ३७, उजवा ३८. काल भरलेली गाडी घाट उतरून आली, खाली थांबून सगळी चाकं पाहिली, तापली होती पण सारखी. वास नाही. बाबांनी ६ टायरच्या दारावर आकडे लिहायला घेतलेत.

एक शेवटचं विचारतो, निपल मोकळा आहे आणि ग्रीस खरंच बुशपर्यंत गेलं, हे बाहेरून कसं ओळखायचं?

ब्रेककाम_खामगाव

आधी निपल फडक्याने पुसायचा, मगच गन. गन मारत राहायचं, जुनं काळं ग्रीस स्लॅककडच्या बाजूने बाहेर यायला लागते. त्यामागून स्वच्छ नवं दिसलं की थांबायचं. ड्रमच्या आतल्या बाजूने ग्रीस आलं तर सील गेलं, ते लगेच पाहा, लायनरला ग्रीस लागलं तर ते लायनर गेले. स्लॅकला स्वतःचा निपल वेगळा असतो, तो विसरू नका. आणि पिन बदलली तेव्हा कॉटर पिन नवी टाकली ना? जुनी सरळ करून घातली असेल तर आजच बदला, ती मोडते.